खुर्चीवरचा रुमाल

१२ जानेवारी

बाई,

मायना काय लिहावा यात एक कागद वाया गेला, म्हणून नुसतंच 'बाई'. फोन तुम्ही उचलत नाही. आई म्हणाली, "पत्र टाक. बंद पाकीट समोर आलं की बाई ते फोडल्याशिवाय राहायच्या नाहीत." तिचा अंदाज बरोबर असेल तर तुम्ही हे वाचत आहात.

मी बरी आहे. हवा कोरडी आहे, खोली पुरेशी आहे, काम तेच आहे. इथल्या प्रयोगशाळेतही पांढरे उंदीर आहेत, झटके आणणारं औषध आहे, आणि काचेच्या पेटीसमोर एक उंच स्टूल आहे. त्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. आपल्या स्टुलावर टेकायचे, कारण तुम्ही त्याचे पाय कापून घेतले होते. सुतार कुरकुरला होता, "बाई, सरकारी स्टूल आहे," आणि तुम्ही म्हणाला होतात, "सरकारला बसायचं असेल तेव्हा जोडून देऊ."

इथे झटक्यांना आकडे देतात. मी तोंडाने आकडे बोलते, मनात मात्र आपलेच शब्द चालू असतात. कान, मान, टाळ्या, उभा, आडवा. आधी कान थरथरतात, मग मान डुलते, मग पुढचे पंजे टाळ्या वाजवल्यासारखे हलतात, मग मागच्या पायांवर उभा, मग आडवा. आपल्या सगळ्या माद्या होत्या, तरी शब्द पुल्लिंगीच राहिले. परवा माझ्या तोंडून मोठ्याने "टाळ्या" निघालं. शेजारच्या सहकाऱ्याने खरंच टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, काहीतरी चांगलं झालं.

तुम्ही आणि मी समोरासमोर बसायचो, मध्ये पेटी. आधी कोणाला अंगाई, झटके थांबवायला तुम्ही बनवलेलं औषध, दिलेली, कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे दोघींनाही माहीत नसायचं. नंतर सगळ्यांना झटक्यांचं औषध. तुम्ही शब्द बोलायचात, मी बोलायचे, आणि दोन्ही जुळले की पंख्याच्या घरघरीत आपली पेन्सिल तेवढी ऐकू यायची. भांडण एकदाच झालं. तुम्ही म्हणालात टाळ्या, मी म्हणाले तोंड धुतेय ती.

"इतक्या घाईने कोण तोंड धुतं?"

"मी. रोज. तुम्ही आठला बोलावता म्हणून."

तुम्ही इतक्या हसलात की ती उंदरीण दचकून कोपऱ्यात गेली आणि ती चाचणी बाद धरावी लागली.

इथे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुमचा खुर्चीचा धडा मी जसाच्या तसा वापरला. मेंदू थकला की ॲडेनोसिन तयार होतं. त्याच्या ठरलेल्या खुर्च्या असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. ते येऊन बसलं की गडबड शांत होते. आपली अंगाई म्हणजे त्याच खुर्च्यांवर बसवायला बोलावलेली पाहुणी. मग तुम्ही हातातला कप वर उचलायचात. "आणि हा चहा. हा धड बसत नाही, खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतो. बसमध्ये टाकतात ना, तसा. मग ॲडेनोसिन येवो नाहीतर अंगाई, तिने ताटकळत उभंच राहायचं." मुलं हसली. तुमच्या वर्गात हसायची तिथेच हसली.

एक गोष्ट विचारायची आहे. दुसऱ्या खेपेला, म्हणजे ती खोली सकाळी दुसऱ्या विभागाला गेली आणि आपल्याला चाचण्या संध्याकाळी घ्याव्या लागल्या तेव्हा, तुमच्या चहाची वेळ बदलली होती का? कारण विचारू नका. म्हणजे विचारा, पण मी आत्ता सांगणार नाही.

तुमच्या बहिणीला, धाकट्या बाईंना, नमस्कार सांगा. त्यांच्या फिट्स आता कमी आहेत असं आई म्हणाली. आईची माहिती भाजीच्या गाडीवरची असते, म्हणून खात्री करून घेते आहे.

खाली तुम्ही ठेवलेलंच नाव लिहिते. "ताप आहे हे बरोबर सांगते, स्वतः तापत नाही," अशी तुम्ही नव्या लोकांना माझी ओळख करून द्यायचात. मला ते नाव आवडत नाही असं मी म्हणायचे. त्यावर आज काही म्हणत नाही.

थर्मामीटर


३ फेब्रुवारी

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. संपूर्ण मजकूर: "चार. नेहमीच चार. का?" त्याहून पत्ता मोठा आहे. तरी कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

चार. मलाही तेच आठवत होतं, पण माझं आठवणं हा पुरावा नव्हे.

चार वाजले की तुम्ही हातमोजे काढायचात. कपाटामागच्या शेगडीवर चहा उकळत राहायचा, पार काळा होईपर्यंत. भुशाच्या वासावर तो वास चढला की आख्ख्या मजल्याला वेळ कळायची. एक कप तुमचा, एक माझा. मग बिस्किटांचा डबा. तो आधी माझ्यापुढे यायचा. मी नको म्हणायचे, तुम्ही "राहिलं" म्हणायचात आणि पिंजऱ्यांकडे वळायचात. "चला मंडळी, चहा!" एकेक बिस्किट चहात बुडवायचं, चांगलं भिजू द्यायचं, आणि गळून पडायच्या आत तुकडा जाळीतून आत. तुमच्या कपात बिस्किट पडलेलं मी कधी पाहिलं नाही. मंडळी जाळीला नाकं लावून आधीच हजर असायची.

मी एकदा म्हणाले होते, हे नियमात बसत नाही.

"आपण त्यांना बाकी जे काय देतो, ते बसतं का नियमात?"

बसतं, बाई. ते नियमात बसतं.

झटका ओसरल्यावर आडव्या पडलेलीला तुम्ही तळहातावर घ्यायचात, कापसावर ठेवायचात, आणि ती डोळे उघडून इकडेतिकडे बघेपर्यंत जागचं हलायचं नाही. संध्याकाळी दिवा घालवताना "येते गं" म्हणायचात. सुरुवातीला मला वाटायचं, मला म्हणता. मी उत्तरही द्यायचे. ते पिंजऱ्यांना असतं हे कळलं तेव्हा पुढे काही दिवस मी तुमच्या आधी निघत होते. हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही.

मंडळींत एक चावरी होती. बाकीच्यांशी भांडायची म्हणून खिडकीपाशी एकटी ठेवली होती. तुमच्या अंगठ्याला चावली तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलं होतंत. तिला चहाला बोलावत होतात का, एवढं आठवून कळवा.

बैठकीबद्दल मी लिहिणार नव्हते. पण तुम्ही कार्डावर "का?" विचारलंत, आणि दुसऱ्या खेपेबद्दल लिहायचं आणि बैठकीबद्दल गप्प राहायचं, हे जमत नाही. पहिल्या खेपेत अंगाईने झटके थांबवले, दुसऱ्या खेपेत थांबवले नाहीत. विभागप्रमुखांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांसमोर मला विचारलं आणि मी म्हणाले, "नाही. काम करत नाही." मग बाहेर, त्या पाणी पिण्याच्या नळापाशी:

"तू तरी 'अजून बघू' म्हणायचंस."

"आकड्यांत 'अजून बघू' नव्हतं, बाई."

"मग तुझ्यात हवं होतं."

त्या आकड्यांवरून जे म्हणता येत होतं तेच मी म्हणाले. आजही तेच म्हणेन. पण त्यानंतर तुम्ही स्वतःच्या नावाने ते अपयश छापून टाकलंत, नोकरी मुदतीआधी सोडलीत आणि निरोपाच्या चहाला मला बोलावलं नाहीत. मी त्या दिवशी आपल्या खोलीत बसले होते. व्हरांड्यातून हसण्याचे आवाज येत होते. तुमच्या ड्रॉवरमध्ये फक्त बिस्किटांचा चुरा राहिला होता. तो मी पुसला नाही. माझं काम नव्हतं ते.

चावरीबद्दल जरूर कळवा.

थर्मामीटर


२७ फेब्रुवारी

बाई,

तुमचं पत्र आलं. "चावरीला? ती चावायची. तिला कशाला देईन मी बिस्किट? तिला सोडून बाकी सगळ्यांना..." इथे वाक्य तुटलं आहे. त्याखाली बरीच जागा कोरी, आणि मग दुसऱ्या शाईने: "समजलं. आता लिहू नकोस."

मी लिहिते आहे. अर्धंमुर्धं समजलेलं तुम्ही आमच्यापैकी कोणाच्याच प्रबंधात चालवून घेतलं नाहीत, म्हणून.

सगळं क्रमाने सांगते. इथे मला स्वतःच्या मर्जीचं थोडं काम करायची मुभा आहे. मी तुमच्या पद्धतीने अंगाई बनवून घेतली. का, ते विचारू नका. सकाळी चाचणी घेतली. मिठाचं पाणी दिलेल्या आडव्या झाल्या. अंगाई दिलेल्या कानावर थांबल्या, एखादी मानेपर्यंत गेली. माझाच माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून तुम्हाला न ओळखणारा माणूस समोर बसवला. हाच तो टाळ्यावाला. त्यालाही तेच दिसलं.

मग प्रश्न उरला तो दुसऱ्या खेपेचा. तेव्हा अंगाई दिलेल्यांपैकी एकटी चावरी कानावर थांबली होती. आपण तिला अपवाद म्हणालो. तुम्ही म्हणाला होतात, "हिला झटकासुद्धा सरळ यायचा नाही." तो वाकडेपणा नव्हता. दुसऱ्या खेपेच्या सगळ्या माद्यांत तिच्या एकटीच्या पोटात चहा नव्हता.

पहिल्या खेपेत आपण सकाळी काम करायचो. उंदराच्या अंगातून चहा लवकर उतरतो. आदल्या दिवशीचं काही उरत नसणार. दुसऱ्या खेपेत चारचा चहा आणि लगेच चाचणी. रुमाल टाकलेला, अंगाई उभी. दर वर्षी कप वर धरून तुम्ही हेच शिकवत होतात आणि पुढच्या बाकावर बसून मी लिहून घेत होते. कपातला चहा आपण दोघींनी पाहिला. बिस्किटातला नाही. आपल्या लेखी ते फक्त बिस्किट होतं.

तर्क हा पुरावा नव्हे, म्हणून इथे चाचणी केली. सगळ्यांना अंगाई. अर्ध्यांना आधी पाण्यात बुडवलेलं बिस्किट, अर्ध्यांना चहात बुडवलेलं. चहा मी तुमच्यासारखा उकळला. इथले प्रमुख वासावर आत आले.

"प्रयोगशाळेत चहा?"

"चहा नाही. नमुना आहे."

"नमुन्यात साखर किती?" टाळ्यावाला मागून म्हणाला. त्या दिवसापासून मजल्यावर सगळे चहाला नमुना म्हणतात.

पाण्याच्या बिस्किटवाल्या कानावर, मानेवर थांबल्या. चहाच्या बिस्किटवाल्यांपैकी बहुतेक आडव्या झाल्या. परत केलं, परत तेच.

अंगाई काम करते, बाई. पहिल्यापासून करत होती. हे मला त्या कापलेल्या स्टुलावर, तुमच्या समोर बसून म्हणायचं होतं.

आता अवघड भाग. तुम्हाला समजलं तेव्हा काय वाटलं असेल याचा मी अंदाज करू शकते, पण तो लिहीत नाही. धाकट्या बाईंना लहानपणी वर्गात फिट आली, तुम्हाला वरच्या वर्गातून बोलावून आणलं, आणि तुम्ही नुसत्या त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलात. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि लगेच विषय बदललात. अंगाई कशासाठी होती हे मला ठाऊक आहे. ती कोणाच्या हातून थांबली हे आता आपल्या दोघींना ठाऊक आहे.

हे छापायचं तर तुमचं जुनं अपयश तुमच्याच नावाने छापलेलं आहे. ते का आलं हे सांगितल्याशिवाय कोणी अंगाईकडे ढुंकून बघणार नाही. प्रमुख म्हणाले, 'अज्ञात कारणाने' लिहून टाका, वयस्कर बाईंची शोभा कशाला करता? मला ते लिहिता येत नाही. कारण अज्ञात नाही. सोबतच्या कागदावर मी असं वाक्य केलं आहे: "पूर्वीच्या दुसऱ्या चाचणीत प्राण्यांना अनवधानाने चहामिश्रित खाद्य मिळाले होते." लेखकांत तुमचं नाव पहिलं आहे.

हे वाक्य लोक वाचतील. काही जण हसतील, त्यातले दोघे-तिघे त्या टेबलाभोवती होते. तुम्ही नको म्हणालात तर मी लेख पाठवणार नाही, आणि अंगाई माझ्या कपाटात राहील. मला ते पटणार नाही. पण अंगाई तुमची आहे आणि बिस्किटही तुमचं, तेव्हा वाक्य छापायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.

कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग नमुन्याचा आहे. दुसरा काही अर्थ काढू नका.

थर्मामीटर


२१ मार्च

बाई,

आधी आईचा फोन आला. "अगं, काय लिहिलंस तू बाईंना? गाडीवर भेटल्या. मेथी राहिली बाजूला, मला म्हणतात, 'ही मुलगी जन्माला घातलीत की बाजारातून मोजून आणलीत?' मी काय उत्तर देणार?" मी विचारलं, चेहरा कसा होता? आई म्हणाली, "चेहऱ्याचं काय, मेथीची जुडी नाकापुढे धरली होती." त्यामुळे त्या आघाडीवर काहीच कळलं नाही. मी ते दिवस कसे काढले ते इथे महत्त्वाचं नाही. टाळ्यावाला म्हणतो की मी एका उंदरिणीला "येते गं" म्हणाले. त्याची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

मग पाकीट आलं. आत माझा कागद, आणि धाकट्या बाईंची चिठ्ठी.

चिठ्ठी आधी वाचली. तुम्ही ती पाहिली नसेल, म्हणून उतरवून पाठवते: "ताई रडली नाही, उगीच काळजी करू नकोस. मग एका सकाळी चष्मा पुसून तुझा कागद परत काढला आणि मोठ्याने म्हणाली, 'म्हणजे औषध बरोबर होतं.' मी म्हटलं, हो. तर परत म्हणाली. मला वाटतं ती ते मलाच सांगत होती. मग पेन मागितलं. हे सगळं ठीक. पण तुझं पत्र आल्यापासून माझा चहा बंद आहे. उंदरांचा राग माझ्यावर काढते. म्हातारपणी दूध प्यायला लावलंय. हे तू केलंस, तूच निस्तर."

बाई, धाकट्या बाईंचा चहा सुरू करा. माणसाला एका कपाने काय होतं ते आपण मोजलेलं नाही. मी उंदरावरून माणसावर उडी मारलेली तुम्ही कधी खपवून घेतली नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतील तसं करा.

मग माझा कागद पाहिला. तुम्ही 'अनवधानाने' हा शब्द खोडला आहे. एका रेघेने नाही, चांगला गिरवून. समासात लिहिलंय: "अनवधानाने काय? नीट लक्ष देऊन देत होते. एकेकीला." आणि खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर 'रोज' असा शब्द घातला आहे. त्याखाली सही.

आता वाक्य असं आहे: "पूर्वीच्या दुसऱ्या चाचणीत प्राण्यांना रोज चहामिश्रित खाद्य मिळाले होते." प्रमुख म्हणाले, "'रोज' कसं दिसतं? 'नियमितपणे' करा." मी म्हणाले, तो पहिल्या लेखिकेचा शब्द आहे, बदलता येणार नाही. लेख काल गेला.

कागदाच्या मागे, अगदी खाली, तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे. ती बहुधा छापण्यासाठी नाही: "त्या चावरीला कधी काही दिलं नाही याचं इतकी वर्षं वाईट वाटत होतं. आता ते तरी गेलं." ही ओळ मी अनेकदा वाचली. वाईट वाटत होतं हे मला माहीत नव्हतं.

मला सुट्टी मिळाली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात घरी येते आहे. आल्यावर आधी तुमच्याकडे येईन. आईला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही गाडीवर बोलू नका. चारच्या सुमारास येईन. डबा आधी माझ्यापुढे धरा, नेहमीसारखा.

बिस्किट बुडवायची मला सवय नाही. किती वेळ धरायचं ते दाखवा, आणि माझं कपात पडलं तर हसा खुशाल.

थर्मामीटर